रेघ दाबा, चिरू नका

आपल्या रेडिओवर आज आम्ही बोलायला आलो आहोत. आम्ही म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या एका लहान गावातल्या बचत गटाच्या अकरा जणी. खोली छोटी आहे, माइकसमोर तिघीच बसलोय, पण जे सांगणार ते अकरा जणींनी मिळून ठरवलं आहे. म्हणून सगळं ‘आम्ही’ म्हणूनच सांगू. हातातली भाजी निवडायची असेल, गोधडी शिवायची असेल, तर ते चालू ठेवा. फक्त एक वही-पेन्सिल जवळ असू द्या, कारण मधे थोडी मापं सांगणार आहोत. मापं आम्ही दोनदा सांगू, घाई करू नका.

आम्ही हातकागदाच्या वस्तू करतो. भेटकार्डं, पाकिटं, तिळगुळाचे आणि राखीचे डबे, बारशाच्या आठवणीची पेटी, आहेराला लावायच्या चिठ्ठ्या. आधी पापड-कुरडया करत होतो, पण गावात चार गट आणि चारही गटांचे पापडच. घेणार कोण? २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा दुकानदार कागदी डबे आहेत का म्हणून विचारू लागले. तिथून आम्हाला वाटलं, हे काम आपल्याला जमेल. घरी बसून होतं, पावसाळ्यात शेताला सुट्टी असली तरी होतं, आणि मशीन लागत नाही.

आणि कागद आपल्या भागाला नवीन नाही बरं का. आपल्या जुन्नरला पूर्वी हातानं कागद करणारी घराणी होती. पेशव्यांच्या दप्तरात जुन्नरी कागद वापरला जायचा. तिकडे दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे, नावातच धंदा. आणि पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, ती के. बी. जोशी यांनी गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० साली सुरू केली. हा कागद झाड तोडून होत नाही. गंजीफ्रॉक, बनियन शिवणाऱ्या कारखान्यांतल्या सुती कापडाच्या चिंध्या घेतात, बारीक कापतात, पाण्यात कुटून त्याचा लगदा करतात. तो लगदा पाण्याच्या हौदात पसरतात आणि जाळीच्या चौकटीनं एकेक थर उचलतात. पाणी निथळलं की तो थर कापडावर उलटा घालतात, दाबयंत्रात दाबतात, वाळवतात, मग घोटून गुळगुळीत करतात. आपण पापड लाटून वाळवतो तसंच थोडं. म्हणून या कागदाचे धागे लांब असतात, तो चिवट असतो, आणि कडा दातेरी असते.

आता आमची गोष्ट सांगतो. ही सांगताना आम्हाला थोडं जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय पुढची मापं सांगण्यात अर्थ नाही.

पहिलं वर्ष होतं. डिसेंबरात तालुक्याच्या गावातल्या एका मिठाईच्या दुकानाकडून २०० डब्यांची मागणी आली. संक्रांतीच्या तिळाच्या लाडवांसाठी. १५ रुपयाला एक डबा असं ठरलं. आम्हाला तर आभाळ ठेंगणं झालं. गटाच्या बचतीतून २,५०० रुपये उचलले. वरून सोनेरी वेलबुट्टी छापलेला लाल हातकागद आणला, डिंक, दोरा, आत घालायला बटर पेपर आणला. आणि सगळ्या जणी रात्र रात्र बसलो.

जाड कागदाला घडी नीट पडत नव्हती. हातानं दुमडला की वाकडा दुमडायचा. मग आमच्यातल्याच एकीनं युक्ती काढली, की कटरचं टोक हलकं फिरवायचं, अर्धा कागद चिरायचा, म्हणजे घडी सरळ पडते. खरंच सरळ पडली. काम भराभर झालं. चिरायचं काम आमच्यातली सगळ्यात लहान सून करायची, तिचा हात स्थिर म्हणून. आम्ही तिला वहिनी म्हणतो, इथेही तेच म्हणू.

दहा जानेवारीला डबे पोचवले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, परत घेऊन जा. लाडू भरले की चिरलेल्या घडीवर ताण यायचा आणि कोपरे फाटायचे. सोनेरी छपाईखालची फाट लांबूनही दिसायची. शिवाय झाकण आणि खालचा भाग आम्ही अगदी एका मापाचे केले होते. झाकण दाबून बसवलं की तेही फाटायचं. दुकानदारांनी चांगले निघाले ते ७० डबे ठेवून घेतले, १,०५० रुपये दिले, आणि १३० डबे आम्ही टेम्पोत घालून घरी आणले. बचतीत १,४५० रुपयांचा खड्डा पडला.

त्या रात्री बैठकीत आम्ही वहिनीला बोललो. तूच चिरलेस, तुला अंदाज नाही आला का, एवढं खोल चिरतात का. चिरायचं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, हे तेव्हा एकीच्याही तोंडून निघालं नाही. ज्यांची ती युक्ती होती, त्यासुद्धा गप्प राहिल्या. वहिनी काही बोलली नाही. तिच्या वाट्याचे किती पैसे होतात ते विचारलं आणि उठून गेली. पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही.

तिसऱ्या बैठकीला आमच्यातल्या आजी म्हणाल्या, “बायांनो, ती गेली तशी उद्या दुसरी जाईल. प्रत्येक चुकीला एक बाई गटातून वजा केली, तर शेवटी वही तेवढी राहील.” आम्ही सगळ्या मान खाली घालून ऐकत होतो. मग दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या घरी गेलो.

वहिनी ओटीवर बसलेली. समोर आमचेच फाटके डबे उलगडून ठेवलेले. हातात सासूबाईंची क्रोशाची सुई. ती त्या सुईच्या गोल पाठीनं कागदावर रेघ दाबत होती. चिरत नव्हती, नुसती दाबत होती. तिनं आम्हाला बसायला सांगितलं आणि दोन तुकडे दाखवले. एक कटरनं चिरून दुमडलेला, एक सुईनं दाबून दुमडलेला. दोन्ही दहा-दहा वेळा उघडमीट केले. पहिला तुटून हातात आला. दुसरा अगदी शाबूत होता. ती म्हणाली, “धागा तुटला की कागद गेला. धागा वाकवायचा, तोडायचा नाही.”

आम्ही तिची माफी मागितली. सगळ्यांसमोर मागितली, कारण बोललोही सगळ्यांसमोर होतो. आणि त्या दिवशी गटाच्या वहीत एक नियम लिहिला. काम सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल, तर तोटाही सगळ्यांच्या नावावर सारखा पडेल. ती गोष्ट आज तुम्हाला सांगायची की नाही, हेही आम्ही आधी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, सांगा, दुसऱ्या कुणाचे डबे वाचतील.

तर मैत्रिणींनो, आता काम शिकू.

छापखान्यात या कामाला क्रीझिंग म्हणतात. आम्ही ‘रेघ दाबणं’ म्हणतो. जाड कागद दुमडायच्या आधी, जिथे घडी हवी तिथे बोथट टोकानं सरळ नाली पाडायची. नाली पडली की तिथले धागे दबतात आणि घडी बरोबर त्या रेघेवरच बसते.

यासाठी विकतचं अवजार लागतंच असं नाही. क्रोशाची सुई चालते, विणायची सुई चालते, शाई संपलेलं बॉलपेन तर घरोघरी असतं. टोक गोल आणि गुळगुळीत हवं, एवढंच. टोकाला खरखर असेल तर ते कागद ओरबाडतं. दुसरी गोष्ट लागते ती घडी बसवायची पट्टी. वह्या बांधणाऱ्यांकडे हाडाची गुळगुळीत पट्टी असते. आम्ही बांबूची केली. वीतभर लांब, बोटभर रुंद, कडा पॉलिश पेपरनं घासून गोल केलेल्या. तिला तेल लावू नका, कागदावर डाग पडतो. तिसरी स्टीलची फूटपट्टी. लाकडी पट्टीला कटर लागतो आणि ती वाकडी होते. कापायला कटर आणि कात्री, चिकटवायला डिंक किंवा फेविकॉल.

थोडं काम असेल तर खाली वर्तमानपत्राची पाच-सहा पानं किंवा जुनी वही ठेवा. अगदी कडक लाकडावर नाली पडत नाही, खाली थोडा मऊपणा हवा. पण शेकड्यानं डबे करायचे असतील तर सुताराकडून एक फळी करून घ्या. आम्ही अशी करून घेतली. प्लायवूडची ३० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद फळी. तिच्यावर डावीकडून दर एका सेंटिमीटरला एक उभी खाच, करवतीनं पाडलेली, साधारण दोन मिलिमीटर खोल. आणि अडीच सेंटिमीटरवर एक जास्तीची खाच, ती का ते पुढे सांगतो. फळीच्या डाव्या आणि वरच्या कडेला लाकडी पट्टी ठोकलेली. कागद त्या कोपऱ्यात टेकवला की हलत नाही. मग हव्या त्या खाचेवरून सुई फिरवायची. दर वेळी मोजायला नको, पेन्सिलची खूण नको, आणि अकरा जणींचे डबे एकाच मापाचे निघतात. आमच्या कामाचा सगळ्यात मोठा फरक या फळीनं पडला.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. एकदाच जोर लावू नका. हलक्या हातानं दोन-तीन वेळा सुई फिरवा. पोळपाटावर पहिली पोळी आपण जोरात लाटत नाही, तसंच.

दुसरी. ही आम्हाला सगळ्यात उशिरा कळली. रेघ दाबली की एका बाजूला नाली पडते आणि पाठीमागे बारीक उंचवटा येतो. घडी घालताना तो उंचवटा आत जायला हवा आणि नाली बाहेर राहायला हवी. आपल्याला वाटतं उलट, नालीत दुमडणं सोपं. पण तसं केलं की जाड कागदाची बाहेरची बाजू ताणली जाते आणि तडकते. म्हणून कागदाची चांगली, छपाईची बाजू वर ठेवून रेघ दाबायची आणि घडी मागच्या बाजूला घालायची. पुन्हा सांगतो. चांगली बाजू वर, रेघ त्याच बाजूनं, घडी मागे.

तिसरी. घडी घातल्यावर बांबूची पट्टी फिरवताना वर एक रद्दी कागद ठेवा. नाहीतर घासलेल्या जागी चकाकी येते.

चौथी. दुकानातला कार्डशीट वापरत असाल तर त्याचा कल बघा. गिरणीच्या कागदात धागे एकाच दिशेला पडलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहा. ज्या बाजूनं सहज वाकतो, त्या दिशेला घडी चांगली बसते. आडव्या दिशेची घडी तडकते. जाळीनं उचललेल्या हातकागदात धागे सगळीकडे पसरलेले असतात, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

आता मापं. वही घ्या.

हातकागदाचा मोठा ताव साधारण २२ इंच बाय ३० इंच असतो, म्हणजे ५६ बाय ७६ सेंटिमीटर. दातेरी कडा चारही बाजूंनी सेंटिमीटरभर सोडली, तर कामाचा कागद ५४ बाय ७४ उरतो. कडा फेकू नका, भेटकार्डावर चिकटवायला फार शोभते.

आधी भेटकार्ड. कागद २० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच. १० सेंटिमीटरवर रेघ. दुमडलं की १० बाय १५ चं कार्ड. पुन्हा सांगतो, २० बाय १५, रेघ १० वर. एका तावात अशी नऊ कार्डं बसतात.

त्याचं पाकीट. पातळ कागद घ्या, १७.५ सेंटिमीटर रुंद, २६ सेंटिमीटर लांब. रुंदीत दोन्ही कडांपासून एक-एक सेंटिमीटरवर रेघ. लांबीत ११ वर आणि २२ वर रेघ. असे लांबीचे तीन भाग झाले, ११, ११ आणि ४. पहिल्या भागाच्या बाजूच्या एक सेंटिमीटरच्या पट्ट्या ठेवा, बाकी दोन्ही भागांच्या कापून टाका. पट्ट्या आत वळवा, त्यांना डिंक लावा, दुसरा भाग त्यावर बसवा. चार सेंटिमीटरचा तुकडा हे झाकण. कार्ड सहज आत-बाहेर होतं.

आता डबा. खालचा भाग १० बाय १० सेंटिमीटर आणि उंची ४ हवी, तर कागद किती? दहात उंची दोनदा मिळवा. दहा अधिक चार अधिक चार, १८. म्हणजे १८ बाय १८ चा चौरस. चारही कडांपासून ४ सेंटिमीटरवर रेघ. फळीवर कागद कोपऱ्यात टेकवा, चारच्या खाचेवर रेघ दाबा, कागद फिरवा, पुन्हा दाबा. चार वेळा. आता प्रत्येक कोपऱ्यात एक लहान चौकोन दिसेल. समोरासमोरच्या दोन बाजू निवडा. त्या प्रत्येक बाजूला दोन काप द्या, कडेपासून जिथे रेघा एकमेकींना भेटतात तिथपर्यंत, त्याच्या पुढे केसभरही नाही. पुढे गेलात तर तिथूनच डबा फाटतो. कोपऱ्यातले चौकोन आता कानासारखे सुटे होतात. त्यांच्या कडा किंचित तिरक्या छाटा, मग ते आतल्या बाजूनं चिकटवा. दोन मिनिटं कपड्याच्या चिमट्यानं धरून ठेवा.

झाकणाला खालच्या भागापेक्षा तीन मिलिमीटर जास्त लागतात. इथेच आम्ही फसलो होतो. झाकणाचा माथा १०.३ सेंटिमीटर, उंची २.५. म्हणजे कागद १५.३ बाय १५.३, आणि रेघ अडीच सेंटिमीटरवर. म्हणून फळीवर ती जास्तीची खाच. कागद फार जाड असेल तर तीनऐवजी चार मिलिमीटर धरा. आधी एक नमुना करा, झाकण बसवून पाहा, मगच बाकीचे कापा. पुन्हा सांगतो. खालचा भाग १८ बाय १८, रेघ ४ वर. झाकण १५.३ बाय १५.३, रेघ अडीचवर.

एका तावात असे सहा डबे झाकणासकट निघतात. उरलेल्या पट्ट्यांतून आहेराला लावायच्या वीस चिठ्ठ्या होतात. आणि ते परत आलेले १३० डबे? तेही फेकले नाहीत. त्यांचे सपाट भाग कापून आम्ही पाचशे चिठ्ठ्या केल्या, भोक पाडून दोरा ओवला, आणि दहाचा जुडगा १५ रुपयाला विकला. त्यातून ७५० रुपये परत आले.

खाण्याची वस्तू ठेवायची असेल तर एक सांगतो. तीळ, तूप, गूळ कागदावर डाग पाडतात, तेव्हा आत बटर पेपर घालाच. छापलेला कागद किंवा वर्तमानपत्र खाण्याला लागू देऊ नका, त्याची शाई पोटात जाते. अन्नसुरक्षा खात्यानंही ते बजावलेलं आहे.

पावसाळ्यात हातकागद ओल धरतो आणि वाकतो. ताव आडवे, सपाट ठेवा, गुंडाळून ठेवू नका. जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, फळीवर ठेवा. डिंक लावलेल्या वस्तूंवर सारखं वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवतो. कसर लागू नये म्हणून अधूनमधून सगळा कागद बाहेर काढून बघतो.

आता पैशाचं बोलू. हे आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण चहा उतू जाईल म्हणून कुणी उठून गेली असेल तर ती आता परत आली असेल.

ते १५ रुपये आम्ही कसे ठरवले होते माहीत आहे? दुकानदारांनी विचारलं, आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि कुणीतरी म्हटलं, १५. पुढे वहिनीनंच हिशोब मांडला. आम्हाला एक ताव ६० रुपयाला पडला होता. त्यातून सहा डबे, म्हणजे डब्याला १० रुपयाचा कागद. डिंक, दोरा, बटर पेपर मिळून २. वाया जाणाऱ्या मालाचा १. जाण्यायेण्याचा १. झाले १४. म्हणजे आमच्या हातात डब्यामागे एक रुपया. घड्याळ लावून बघितलं, तर एका डब्याला १२ मिनिटं लागतात. तासाला पाच डबे. म्हणजे आम्ही तासाला ५ रुपयांवर रात्री जागवल्या होत्या. डबे एकही परत आले नसते, तरीसुद्धा ५ रुपयेच.

मैत्रिणींनो, हे ऐकून आम्ही गप्प झालो. डबे परत आले तेव्हा जेवढं वाईट वाटलं, त्यापेक्षा जास्त वाईट या आकड्यानं वाटलं. घरचं काम समजून आपण आपल्या हाताची किंमत शून्य धरतो. शेजारच्या रानात खुरपायला गेलो तर मजुरी मागतो, मग आपल्याच गटात का नाही?

आता आम्ही असा हिशोब करतो. कागद १०, डिंक-दोरा-बटर पेपर २, मजुरी तासाला ४० रुपयांप्रमाणे डब्याला ८, वाया जाणारा १, प्रवास १. एकूण २२. हा झाला डब्याचा खर्च, आणि मजुरी खर्चात धरलेली. त्यावर गटाचे ८ रुपये घेतो, पुढच्या कागदासाठी आणि अडीअडचणीसाठी. भाव ३० रुपये. तुमच्याकडे कागद स्वस्त असेल, महाग असेल, आकडे बदलतील. पण मजुरीची ओळ वहीतून खोडू नका. गिऱ्हाईक म्हणेल, एवढं महाग? म्हणू द्या. आमच्याकडून काही जण परत गेले. जे राहिले ते दर सणाला येतात. त्या मिठाईच्या दुकानदारांना आम्ही राखीच्या वेळी नवा नमुना नेऊन दाखवला. त्यांनी डबा दहा वेळा उघडमीट करून बघितला, जसा वहिनीनं आम्हाला दाखवला होता, आणि ६० डबे सांगितले. ३० रुपयांनी. त्या दिवाळीपर्यंत बचतीतला खड्डा भरला.

आता शेवटची एक वस्तू, आमच्या सगळ्यांच्या आवडीची. आठवणीची पेटी. हाच डबा, हीच मापं, फक्त कागद थोडा जाड आणि झाकण पूर्ण ४ सेंटिमीटर खोल, म्हणजे ते खालपर्यंत येतं. झाकणाचा कागद मग १८.३ बाय १८.३, रेघ ४ वर. बारशाला लोक ही पेटी नेतात. आत बाळाचं जावळ ठेवायला लहान पाकीट असतं, आणि एक कार्ड, त्यावर बाळाच्या पावलाची आकृती. बाळ झोपेत असताना पेन्सिलनं पावलाची कड काढायची, बस. शाई नको, कुंकू नको, कोवळ्या कातडीला काही लावायला नको. कार्डावर तारीख आणि आईचं नाव लिहा. बाळाचं आणि बापाचं नाव लोक आपोआप लिहितात, आईचं राहून जातं. जावळ अगदी कोरडं असल्याशिवाय ठेवू नका. रबरबँड घालू नका, तो वितळून कागदाला चिकटतो. टाचणी लावू नका, गंजते. सुती दोरा बांधा.

पहिली पेटी वहिनीनं स्वतःसाठी केली होती. तिची आई गेली तेव्हा आईच्या हातच्या दोन-तीन चिठ्ठ्या तिच्याकडे होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत ओल येऊन चिकटत चालल्या होत्या. तिनं त्या पंख्याखाली वाळवल्या, मधे कोरे कागद घातले आणि पेटीत ठेवल्या. आम्ही तिला दोष देत होतो, त्या दोन आठवड्यांत तिच्या हातून हे काम चाललं होतं. आम्हाला ते फार नंतर कळलं. तेव्हापासून आम्ही या पेट्या करतो.

तुम्हाला आज रात्रीच करून बघायचं असेल तर नवा कागद आणू नका. घरात लग्नाच्या जुन्या पत्रिका असतीलच. जाड, छपाईची, डब्यासारखीच. संपलेलं बॉलपेन घ्या, खाली जुनी वही ठेवा, फूटपट्टी लावा आणि चांगल्या बाजूनं रेघ दाबा. मागे दुमडा. दुसरी पत्रिका नुसती हातानं दुमडा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. पाच पत्रिका झाल्या की हाताला अंदाज येतो. मग एक छोटा डबा करा, आणि झाकणाला तीन मिलिमीटर विसरू नका.

पहिला डबा वाकडा होईल. आमचेही झाले. तो टाकून देऊ नका, आणि कुणी केला म्हणून तिला बोलूही नका. उलगडून बघा, रेघ कुठे चुकली ते त्यातच दिसतं.